बीज एकीचं, कूस दुसरीची: सोलापूरच्या दोघींना उत्तर

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देते, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघी सोलापुरात राहता, एक ३१ वर्षांची, दुसरी ३७. सात वर्षं एका घरात आहात. घरमालकासाठी तुम्ही मैत्रिणी. एकीच्या आईला सगळं माहीत आहे, दुसरीच्या घरी कळूनही न कळल्यासारखं करतात. एकीच्या स्त्रीबीजापासून भ्रूण तयार करून तो दुसरीच्या गर्भाशयात वाढवायचा, असा उपचार परदेशात होतो हे तुमच्या कानावर आलंय. मोठीचं म्हणणं, बीज माझं असू दे, माझ्या आईचे डोळे पुढे जायला हवेत. पोटात धाकटीने वाढवावं, ती तरुण आहे, तिला झेपेल. यावरून महिनाभर घरात धुसफूस चालू आहे. आणि प्रश्न तीन: कुठे करायचं, किती पैसे लागतील, परत आल्यावर मुलाची आई कोण?

मी २७ वर्षं वंध्यत्वाच्या उपचारांत आहे, त्यातली बहुतेक याच गावात गेली. तुमच्यासारख्या जोड्या उघडपणे यायला लागल्या त्या २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा निकाल दिला त्यानंतर. आधीही यायच्या, पण ‘ही माझी मावसबहीण’ म्हणून, आणि खुर्चीत बसल्यावरही पर्स मांडीवर घट्ट धरून.

आधी भांडण मिटवू. तुमची वाटणी उलटी आहे.

बाईचं वय दोन ठिकाणी दोन वेगांनी वाढतं. अंडाशय लवकर म्हातारं होतं, गर्भाशय सावकाश. जन्माला येताना जेवढी बीजं असतात तेवढीच. नवी तयार होत नाहीत, आणि उरलेल्यांतही पस्तिशीनंतर गुणसूत्रांचे घोटाळे वाढत जातात. पस्तिशीच्या आतल्या बीजाच्या भ्रूणामागे मूल घरी येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. ४३-४४ व्या वर्षी ती पाच टक्क्यांच्या आसपास येते. गर्भाशयाचं मात्र असं नसतं. चाळिशी उलटलेल्या बाईच्या पोटात तरुण बीजाचा भ्रूण सोडला तर तो जवळजवळ तरुण बाईइतकाच छान रुजतो. म्हणून बीज ३१ चं आणि कूस ३७ ची, ही वैद्यकातली सरळ वाटणी. धाकटीचं एएमएच (बीजांचा साठा सांगणारं हार्मोन) अगदीच कमी निघालं, किंवा मोठीला गर्भाशयात मोठे फायब्रॉइड म्हणजे गाठी असल्या, तर मी मत बदलेन. तपासणीआधी भांडण करणं म्हणजे बाजारात तुरी.

डोळ्यांचं काय, असं मोठी विचारेल. खरं ते सांगते. डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण, रक्तगट हे सगळं बीजातून आणि शुक्राणूतून येतं. कूस देणारीचा एकही जीन मुलात जात नाही. ‘मूल दोघींच्या जीन्सचं’ असं कुणी गोड बोलून सुचवत असेल तर त्या दवाखान्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा तिरक्या नजरेने बघा. पण कूस म्हणजे भाड्याची खोली, असंही नाही. नऊ महिने मिळणारं अन्न, हार्मोन, ताण, साखर यांवर मुलाचे कोणते जीन किती बोलके राहतात हे काही अंशी ठरतं. वारेतून दोन्ही बाजूंच्या काही पेशी एकमेकींत जातात आणि बाळाच्या पेशी आईच्या शरीरात पुढे कित्येक वर्षं सापडतात. आपल्याकडे बीज म्हटलं की बापाचं आणि आई म्हणजे शेत, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. तुमच्या घरात बीजही बाईचं आणि शेतही बाईचं. जुन्या म्हणींनी आता काय करायचं ते त्यांनी बघावं.

उलट वाटणी करण्याचं दुसरं कारण कागदाचं आहे, त्याकडे पुढे येते.

उपचार असा चालतो. बीज देणारीला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन. मधे तीन-चार वेळा सोनोग्राफी. पुटिका, म्हणजे बीज वाढतं त्या अंडाशयातल्या पिशव्या, पुरेशा वाढल्या की शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दात्याच्या शुक्राणूंशी प्रयोगशाळेत फलन, पाच दिवस वाढ. इकडे कूस देणारी आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेते, अस्तर सात-आठ मिलिमीटरपर्यंत आलं की प्रोजेस्टेरॉन सुरू, आणि त्याच्या सहाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण आत सोडतात. भूल लागत नाही. बहुतेक ठिकाणी हल्ली भ्रूण गोठवतात आणि रोपण पुढच्या महिन्यात किंवा नंतर करतात. मला हे बरं वाटतं. बीज देणारीचं पोट फुगलं, पाणी झालं, तर निवांत वेळ मिळतो.

या इंजेक्शनांचा सोलापुरात स्वतःचा एक ताप आहे. ही पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. मागे एकीने ती फ्रीझरमध्ये ठेवली, ‘जास्त गार बरं’ म्हणून. सगळी औषधं फेकावी लागली. दुसरीने फ्रिजच्या दारात ठेवली, दुधाच्या पिशवीशेजारी, आणि दार दिवसातून पन्नास वेळा उघडत होतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात छोटा थर्मामीटर टाका. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला जाणार असाल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून, पेन बर्फाला लागू न देता. आणि शक्य असेल तर हे सगळं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत बसवा.

सुरुवातीच्या सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या इथे होतात. डोस तिकडचे डॉक्टर ठरवतात, मी रिपोर्ट त्याच दिवशी पाठवते. सहाव्या-सातव्या दिवशी विमानात बसायचं.

आता तपासण्यांतल्या दोन गोष्टी, ज्या नेहमीच्या जोडप्यात वेगळ्या असतात आणि म्हणून हमखास चुकतात. पहिली थॅलेसेमिया, रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी बीज देणारीची करायची आणि ती दात्याशी पडताळायची. कूस देणारी थॅलेसेमियाची वाहक असली तरी बाळाला ते जात नाही. तिच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनकडे लक्ष ठेवलं की झालं. दुसरी रक्तगटाची. कूस देणारी आरएच निगेटिव्ह असेल तर ‘दाता निगेटिव्ह निवडला, आता चिंता नाही’ असं म्हणून चालत नाही, कारण बीज देणारी पॉझिटिव्ह असली तर बाळ पॉझिटिव्ह होऊ शकतं. आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन लागेल. तुमच्या पत्रात एकीचा गट बी निगेटिव्ह लिहिला आहे, पण कुणाचा ते लिहिलेलं नाही. ते कळवा.

आणि एक धोका, जो तुम्हाला तिकडे हसतमुख समन्वयक सांगणार नाही. परक्या बीजाच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचं, प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण जास्त असतं. नेहमीच्या गर्भात निम्मं आईचं असतं, इथे आईच्या शरीराच्या दृष्टीने सगळंच परकं. त्यात ३७ वय. म्हणून पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, घरी रक्तदाबाचं यंत्र, आणि एका वेळी एकच भ्रूण. ‘एवढे पैसे घातलेत तर दोन सोडा’ असं तुम्ही म्हणाल. प्रत्येक जण म्हणतो. जुळं, परकं बीज आणि ३७ वय हे तिन्ही एकत्र मला नको.

हे भारतात का होत नाही? २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात उपचार मागणारे दोनच: विवाहित जोडपं, किंवा एकटी स्त्री. एकटी स्त्री म्हणून तुमच्यातली कुणीही इथे दात्याच्या शुक्राणूंनी मूल होऊ देऊ शकते, ते पूर्ण कायदेशीर आहे. पण दुसरीचं बीज घ्यायचं म्हटलं की ती ‘दाता’ ठरते, आणि दाता नोंदणीकृत बँकेतून, अनामिक येतो. जोडीदारणीचा रकानाच कायद्यात नाही. भ्रूण तिकडे करून इथे आणू, हाही विचार करू नका. उपचारासाठी मानवी भ्रूणाची आयात होत नाही. रोपण तिकडेच.

कुठे जायचं ते बघू. नकाशा वाटतो तेवढा मोठा नाही. जर्मनीत बीजदानच बंद आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये दोन बायकांच्या जोडप्यांना उपचार खुले केले, पण एकीचं बीज दुसरीला द्यायची मुभा तिथेही नाही. तुमच्यासाठी खरे पर्याय स्पेन आणि ब्रिटन.

स्पेन या उपचाराचं माहेरघर. तिकडे त्याला ‘रोपा’ म्हणतात, स्पॅनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून. योगायोग असा की स्पॅनिशमध्ये रोपा म्हणजे कपडे. चादरी-टॉवेलच्या गावातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, आणि मराठी कानाला त्यात रोप ऐकू येतं ते वेगळंच. त्यांचा प्रजनन कायदा २००६ चा, आणि २००७ च्या दुरुस्तीपासून जन्म न देणारी पत्नीही आई म्हणून नोंदवता येते. खर्च औषधं सोडून साधारण पाच ते नऊ हजार युरो. अडचणी दोन. क्लिनिकं बहुतेक करून लग्नाचा दाखला मागतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही तुमचं लग्न कायद्याने होत नाही, मग डेन्मार्कसारख्या देशात, जिथे परदेशी जोडप्यांची, दोन बायकांचीही, लग्नं लागतात, तिथे आधी जावं लागतं. त्या दाखल्याचा सोलापुरात उपयोग शून्य, पण क्लिनिकच्या दारात तो चालतो. दुसरी अडचण, दाता तिथे कायद्याने अनामिक असतो आणि तो क्लिनिक निवडतं, तुम्ही नाही. गव्हाळ रंगाचा, काळ्या केसांचा मिळेल. भारतीय मिळेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये लग्नाचा दाखला लागत नाही, संमतीपत्रं भरून घेतात. एप्रिल २००९ पासून तिथल्या कायद्यात दोघी पालक ठरतात. दाता बँकेतून तुम्ही निवडता. आणि १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांची ओळख मुलाला १८ व्या वर्षी मिळू शकते. पैसे स्पेनपेक्षा जास्त.

माझं मत विचाराल तर मी ब्रिटनकडे झुकते, आणि कारण हेच शेवटचं. अनामिक दाता आज सोयीचा वाटतो. पण माझ्याकडे वीस वर्षांपूर्वी दात्याच्या शुक्राणूंनी झालेली मुलं आता मोठी होऊन येतात, बहुतेकांना घरात काही सांगितलेलंच नसतं, आणि ‘आमच्या घरात कुणाला डायबिटीस आहे का’ या साध्या प्रश्नावर आईवडील एकमेकांकडे बघतात. तुमच्या घरात तर लपवायची सोयच नाही. दोन आया म्हटल्यावर मूल पाचव्या वर्षी विचारणारच. तेव्हा उत्तराला एक दार उघडं असलेलं बरं. पैशाने शक्य नसेल तर स्पेन वाईट नाही.

व्हिसाच्या अर्जात उपचाराचं कारण लपवू नका. पर्यटक म्हणून जाऊन बॅगेत इंजेक्शनं सापडली की विमानतळावर जो जबाब द्यावा लागतो तो कुणालाच शोभत नाही. आणि मुलगा की मुलगी हे तिकडे निवडता येतं का, असं विचारू नका. तुम्ही विचारलेलं नाही, पण दर तिसरा माणूस विचारतो. स्पेन आणि ब्रिटन दोन्हीकडे ते बंद आहे, आणि इथे माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत तो विषय निघतच नाही.

पैसे: दोन फेऱ्या, राहणं, औषधं आणि एक फसलेलं रोपण धरून पंधरा ते वीस लाख हाताशी असतील तरच निघा. पहिल्याच खेपेला राहील असं धरून घरावर कर्ज काढू नका. एवढं जमत नसेल तर इथेच धाकटीने एकटी स्त्री म्हणून आययूआय, म्हणजे दात्याचे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करून घ्यावं. तो खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही. दोघींचा वाटा शरीराने असलाच पाहिजे असं काही नाही. मोठीला दूध पाजायचं असेल तर औषध आणि पंपाने न बाळंत झालेल्या बाईलाही दूध आणता येतं, थोडं तरी.

आता कागद. मला इथे सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण वैद्यकातल्या चुका मी निस्तरू शकते, कागदाच्या नाही.

परत आल्यावर, भारतीय कायद्यापुढे, जिने जन्म दिला ती आई. एकटी आई. बीज कुणाचं हे जन्मदाखल्याला ठाऊक नसतं. म्हणूनच मी मघाशी म्हटलं की वाटणी उलटी करा: मोठीला कुशीबरोबर कागद मिळतो, धाकटीला बीज. तुमच्या वाटणीत धाकटीला कूसही आणि कागदही मिळाला असता, आणि मोठीकडे फक्त डोळे उरले असते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक जोडी. पस्तिसाव्या आठवड्याच्या आत रक्तदाब चढला, शहरातल्या एका रुग्णालयात तातडीचं सिझेरियन झालं. बाळ पावणेदोन किलोचं, काचेच्या पेटीत. कूस देणारी अतिदक्षता विभागात मॅग्नेशियमच्या ड्रिपवर, गुंगीत. बाळाच्या पुढच्या उपचारासाठी संमतीची सही हवी होती. बीज देणारी तिथे उभी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, घाईत घातलेल्या. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना. तिने जरा थांबून ‘मावशी’ लिहिलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “सख्खी मावशी का? नाहीतर रक्ताचं नातं असणारं कुणीतरी बोलवा.” त्या इमारतीत शुद्धीवर असलेलं, बाळाशी रक्ताचं नातं असणारं माणूस एकच होतं, आणि ते फॉर्म हातात धरून उभं होतं. बार्शीहून कूस देणारीचा भाऊ आला, दोन तासांनी, त्याने सही केली. दरम्यान बाळावरचे उपचार कुणी थांबवले नव्हते, एवढं त्या डॉक्टरांच्या बाजूने सांगायलाच हवं. बाळ आता बालवाडीत जातं. पण ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण मी त्या दिवसापासून कौतुकाने म्हणत नाही.

तेव्हापासून मी रोपणाआधी कागद बघते. मूल जन्मल्यावर कुणालाच वेळ नसतो. एक, जन्म देणारीचं मृत्युपत्र, नोंदणी केलेलं, त्यात दुसरीला मुलाची पालक नेमलेली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या नवव्या कलमात अविवाहित आईला ही मुभा आहे; कायदा तिथे मुलासाठी ‘अनौरस’ असा शब्द वापरतो, तो वाचून रागावू नका, कलम आपल्या कामाचं आहे. दोन, उपचारांच्या निर्णयासाठी अधिकारपत्र, दोघींचं एकमेकींसाठी आणि बाळासाठी, जे प्रसूतीच्या फाइलला पहिल्या दिवसापासून लावलेलं असेल. ते प्रत्येक जण मानेलच असं नाही, पण फॉर्मवर ‘मावशी’ लिहिण्यापेक्षा बरं. तीन, विमा आणि बँकेतली नामनिर्देशनं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे की समलिंगी जोडीदाराला संयुक्त खातं उघडायला किंवा नामनिर्देशन करायला आडकाठी नाही. वकील फौजदारीचा नको, कौटुंबिक न्यायालयात उभा राहणारा हवा.

दत्तकाचा मार्ग पुष्कळ जणी सुचवतात: एकीने जन्म द्यायचा, दुसरीने दत्तक घ्यायचं. करू नका. आपल्याकडे दोन बायकांना मिळून दत्तक घेता येत नाही, आणि एकीने दत्तक दिलं की तिचाच हक्क संपतो.

जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नसलं तर अडेल का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही असं म्हटलं आहे. पासपोर्टही एका पालकाच्या नावावर निघतो. खिडकीवरचा माणूस तरी हटून बसेल, तेव्हा निकालाची प्रत सोबत ठेवा आणि आवाज चढवू नका. नोंद २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पुढे सगळीकडे हाच दाखला चालतो, त्यामुळे नावाची अक्षरं दोनदा तपासा. गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या फॉर्म एफमध्ये पती किंवा वडिलांचं नाव मागतात, तिथे स्वतःच्या वडिलांचं लिहा.

मूल कुणाला काय म्हणणार, हे तुम्ही पत्राच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात विचारलंय. सोलापुरात राहून हा प्रश्न पडावा? धाकटीचं माहेर तेलुगू आहे ना. एक आई, एक अम्मा. आपल्या गल्लीत शेजारची कानडी अव्वाही मिळेल, ती वेगळी.

धाकटीने पुढच्या पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी यावं, अंडाशयातल्या पुटिका मोजायच्या आहेत. एएमएच आणि एचपीएलसीचं रक्त त्याच वेळी घेऊ. मोठीने उपाशीपोटी, साखर, थायरॉइड आणि रुबेलासाठी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट आणावं. रक्तगटाचं कार्ड दोघींनीही आणा. आत दोघी एकत्रच या, बाहेर बाकावर कुणी थांबायचं नाही.